दाजींचं बिनभज्यांचं तेल

आमच्या दाजींइतकं तेलावर प्रेम उभ्या मराठवाड्यात कुणी केलं नसेल, आणि गंमत अशी की ते ज्या तेलावर प्रेम करतात त्यात एक भजंसुद्धा तळता येत नाही. दाजी म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मी म्हणतो, आणि आता उस्मानपुऱ्यातला भाजीवालाही म्हणतो. त्यांचा सगळा जन्म रोहित्राच्या तेलात गेला. रोहित्र हा शब्द सरकारी कागदावरचा. शहरात त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात आणि दाजींच्या गावाकडं, कन्नड तालुक्यात, डीपी. त्या लोखंडी पेटीच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात आणि ती तेलात बुडवून ठेवलेली असतात, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी मराठीचा मास्तर. लग्नाच्या पंगतीत दाजी माझ्या शेजारी बसले आणि जिलेबी येईपर्यंत मला सगळं ठाऊक झालं. तेल दोन कामं करतं. वीज जिथं जायला नको तिथं तिला जाऊ देत नाही, आणि आतली उष्णता गोळा करून बाहेर नेऊन टाकतं. घरातल्या थोरल्या जावयानंही हीच दोन कामं करायची असतात, असं दाजी त्या पंगतीत म्हणाले होते. त्यांनी त्यातलं एकही कधी केलेलं नाही, असं अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं आहे.

या तेलाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पाणी. बादलीभर तेलात चार थेंब पाणी गेलं तरी त्याचा दम जातो, असं दाजी सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा होतो. त्यामुळं दमट हवेशी त्यांनी जन्मभराचं वैर धरलं आहे. कोकणात त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. मुंबईला एकदा कामानिमित्त जावं लागलं, तर संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि म्हणाले, "तिथली हवाच नापास हाय, गुरुजी." लग्न झाल्यावर अक्कांनी मोठ्या हौसेनं महाबळेश्वरचं नाव काढलं होतं. दाजींनी चार दिवस विचार केला, तिथलं धुकं कसं असतं याची माहितगारांकडं चौकशी केली, आणि शेवटी अक्कांना मे महिन्यात जालन्याला मामाकडं घेऊन गेले. जालन्याची हवा त्या महिन्यात किती सुरेख कोरडी असते याचं वर्णन ते आजही करतात. त्या वेळी अक्का उठून स्वयंपाकघरात जातात.

तेलाचा नमुना घ्यायची एक रीत आहे. बाटली आधी त्याच तेलानं विसळायची, ते ओतून द्यायचं, पुन्हा विसळायची, आणि मग खरा नमुना भरायचा. म्हणजे बाटलीतली जुनी घाण नव्या तेलाच्या माथी बसत नाही. एवढी वर्षं हे केल्यावर दाजींना चहाही तसाच लागतो. कपात घोटभर चहा घेतात, गोल फिरवतात, मोरीत ओततात, पुन्हा तेच करतात, आणि मग कप भरून घेतात. अक्का त्यांच्यासाठी दीड कप चहा टाकतात आणि वरचा अर्धा मोरीच्या नावानं सोडतात. माझ्या मुलाच्या सोयरिकीच्या बैठकीत आम्ही व्याह्यांच्या दिवाणखान्यात बसलो होतो आणि तिथं जवळपास मोरी नव्हती. दाजींनी चहा विसळला, इकडं तिकडं पाहिलं, आणि शेजारच्या कुंडीत ओतला. कुंडीतली फुलं प्लॅस्टिकची होती. व्याही बिचारे सभ्य. ही मुलाकडची काहीतरी जुनी पद्धत असावी असं समजून त्यांनीही आपला कप विसळला आणि वाकून त्याच कुंडीत ओतला. मग त्यांच्या धाकट्या भावानं ओतला, मग मुलीच्या मामानं. मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं मान खाली घातली, आणि मीही ओतला. सोयरीक जुळली. त्यांच्या घरी आमचा चहा झाला की अजून ती कुंडी पुढं सरकवतात.

डीपी दिसली की दाजींचं भान सुटतं. तिच्या अंगाला काचेची एक छोटी बरणी लटकत असते, डीपी तिच्यातून श्वास घेते. बरणीत निळे दाणे असतात, ते हवेतली ओल शोषतात आणि शोषून शोषून दमले की गुलाबी पडतात. गुलाबी दाणे बदलायचे असतात आणि ते कुणीही बदलत नाही. कन्नडजवळच्या एका खेड्यात दाजींच्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन उभे राहिले, आणि दाजी मांडवात नव्हते. मी शोधायला निघालो. मांडवामागच्या डीपीखाली, माथ्यावर फेटा आणि मुठीत अक्षता अशा थाटात ते वर मान करून उभे होते. "बघा गुरुजी," ते कळवळून म्हणाले, "पार गुलाबी झालीय हो." तेवढ्यात भटजींचं शेवटचं सावधान कानावर आलं आणि दाजींनी सवयीनं हातातल्या सगळ्या अक्षता डीपीवर टाकल्या. पुतण्याचा संसार उत्तम चालला आहे. ती डीपी मात्र त्याच हिवाळ्यात जळाली, आणि पुतण्याला फोन करून दाजींनी पहिली चौकशी तिची केली.

माणसांची पारखही ते तेलावरूनच करतात. खनिज तेलाचे दोन वाण. एक पॅराफिनिक, चांगलं असतं पण थंडी पडली की त्यात मेण धरतं आणि ते जागचं हलत नाही. दुसरं नॅफ्थेनिक, कडाक्याच्या गारठ्यातही मुकाट्यानं वाहत राहतं. "गुरुजी पॅराफिनिक हायेत," त्यांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं. "डिसेंबर लागला की दहा वाजेस्तोवर आंघोळीला निघत नाहीत." माझ्या बायकोला त्यांनी नॅफ्थेनिक ठरवलं आणि तेव्हापासून ती त्यांच्या बाजूनं बोलते. माझा मेहुणा मोठ्या पगारावर पुण्याला असतो, तो सिलिकॉनचं तेल. "त्याला कायबी बोला, पेटत नाय. पर घरी आणायला परवडत नाय." शेजारच्या तक्रारखोर म्हाताऱ्याविषयी ते म्हणतात की तेल जुनं झालं की आंबतं, आंबलं की तळाशी गाळ धरतो, आणि मग गाळण्यात अर्थ नसतो, टाकी रिकामी करावी लागते. म्हातारा हे ऐकून रागावत नाही. त्याला ते पोटाविषयी बोलताहेत असं वाटतं.

आमच्या सासूबाईंचं आणि दाजींचं या तेलापायी एकदा चांगलंच वाजलं होतं. डीपीचं तेल गुडघ्याला चोळलं की संधिवात पळतो अशी आमच्याकडच्या खेड्यांतून पक्की समजूत आहे. जावई वीज खात्यात, तेव्हा सासूबाईंनी मागितलं तर त्यांचं काय चुकलं? "दाजी, शिशीभर द्या की. लोकं चोरून नेत्यात, मी तर मागून घेते." दाजींनी त्यांना समोर बसवून तासभर समजावलं. हे औषध नाही, जुन्या काळी तर यातलं एक तेल असं विषारी निघालं की पुढं त्याच्यावर बंदी आली, आणि जुन्या पेटीत काय आहे हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, पर गुडघ्याला चालतंय ना?" शेवटी दाजींनी नमुन्याच्या तपकिरी बाटलीत खोबरेल भरलं, वर चिठ्ठी चिकटवली, आणि दिलं. महिन्याभरात सासूबाई गावभर सांगत होत्या की करंटाचं तेल हाय, लई गुण आला. दाजींना हे ऐकून इतका मनस्ताप झाला की खरं काय ते सांगायला ते एसटीनं गावी गेले. गावात उतरले तर पारावर सहा म्हाताऱ्या शिशा घेऊन बसलेल्या.

निवृत्तीनंतर दाजींनी उस्मानपुऱ्यातल्या घराच्या तळमजल्यावर तेल तपासायची छोटी प्रयोगशाळा थाटली. शहराच्या आसपास कारखाने पुष्कळ, प्रत्येकाच्या आवारात ट्रान्सफॉर्मर, त्यामुळं नमुन्यांना तोटा नाही. खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी चपला काढायच्या, हात पुसायचे, आणि तोंडात पेपरमिंटची गोळीसुद्धा चालत नाही. बाटल्या कोरड्या करायला एक विजेची भट्टी आहे. एका ओल्या श्रावणात अक्कांनी दाजी झोपल्याचं पाहून तिच्यात शेवया वाळवल्या. शेवया नामी वाळल्या, पण त्या दुधात घातल्यावर सगळ्यांनाच आपण एखाद्या गॅरेजात जेवायला बसलो आहोत असं वाटलं. दाजी मात्र दोन वाट्या खाऊन म्हणाले की असा कोरडेपणा त्यांनी शेवयांत कधी पाहिला नव्हता. ज्या तापमानाला तेलाची वाफ भडकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. चांगल्या तेलाचा तो एकशे चाळीसच्या पुढं असावा लागतो. अक्कांचा किती आहे हे दाजींनी त्या दिवशी हिशेब करून सांगितलं, आणि लगेच सिद्धही झालं.

प्रयोगशाळेतलं मुख्य दैवत म्हणजे दम मोजायचं यंत्र. काचेचा एक कप, त्यात समोरासमोर दोन छोटे पितळी गोळे, मध्ये जेमतेम एक बारीक फट. कपात तेल ओतायचं, झाकायचं, ओतताना शिरलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत थांबायचं, आणि मग वीज हळूहळू वाढवत न्यायची. तेल जोवर सोसतं तोवर काटा चढतो. सोसवलं नाही की दोन गोळ्यांमध्ये तड् करून ठिणगी पडते आणि काटा जिथं असेल तिथं तेलाची इज्जत ठरते. या यंत्रापुढं दाजी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. तेलाच्या धंद्यातले लोक म्हणतात की दाजी स्वतःच्या बापालाही पास करणार नाहीत.

बापाची वेळ आली नाही, लेकीची आली. दाजींची एकुलती एक मुलगी शलाका इंजिनिअर झाली आणि शेंद्र्याच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात लागली. दाजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग त्यांना कळलं की ती तिथं एस्टरच्या तेलावर काम करते, आणि त्यांना पेढ्यांचा पश्चात्ताप झाला. एस्टर म्हणजे सोयाबीनसारख्या बियांपासून काढलेलं तेल. ते सहजी पेट घेत नाही, म्हणून इमारतीच्या तळघरात ठेवायला चांगलं. जमिनीवर सांडलं तर कुजून मातीत जातं. आणि थोडंफार पाणी तर ते पोटात घालून गप्प बसतं. ही शेवटची गोष्ट दाजींच्या जिव्हारी लागली. "पाणी पचवणारं तेल म्हंजे लाच पचवणारा साहेब," ते म्हणाले. मग रोज जेवताना थट्टा सुरू झाली. कन्नडचा भाऊ सोयाबीन पेरतो, म्हणजे यंदा त्याच्या रानात डीप्या उगवणार का? शलाकाच्या कारखान्यात दुपारी भजी तळून मग तेच तेल पेटीत भरतात का? शलाका बापाचीच लेक. पहिल्यांदा हसली, मग वाद घातला, मग बोलणं कमी केलं. अक्का दोघांच्या ताटांमध्ये बसून भाजी वाढत राहिल्या.

अशात शलाकाचा पहिला ट्रान्सफॉर्मर तयार झाला. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात तो बसायचा होता. हे काम तिनं साहेबांच्या मागं लागून अंगावर घेतलं होतं. इस्पितळानं पेटी घेतली तर कारखाना हे तेल पुढं चालवणार, नाकारली तर सोडून देणार आणि शलाकाला पुन्हा नकाशे काढायच्या टेबलावर बसवणार, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. इस्पितळाच्या इंजिनिअरनं अट घातली की तेल बाहेरून तपासून हवं, आणि तेही दाजींकडून. मुलगी त्यांची आहे हे कळल्यावर तर त्याचा आग्रह वाढला. आदल्या संध्याकाळी शलाकानं घरी बाटली आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे घट्ट असतं. कपात ओतल्यावर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवा. बुडबुडे सावकाश निघतात."

"तू जन्मली नव्हतीस तवापासून बुडबुडे बघतोय मी," दाजी म्हणाले, आणि तो विषय संपला.

सकाळी शलाका कामाला गेल्यावर दाजींनी कप दोनदा विसळला, तेल ओतलं, आपल्या नेहमीच्या अंदाजानं थांबले, आणि बटण दाबलं. काटा थोडासा चढला आणि तड्. पुन्हा, तड्. शेवटपर्यंत तेच. त्यांनी इस्पितळाला फोन करून सांगितलं की तेल नापास आहे. इस्पितळानं कारखान्याला कळवलं, साहेबांनी शलाकाला बोलावलं, शलाकानं आईला फोन केला, आणि अक्कांनी मला. "पडेगावहून निघा आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या. "जेवायला इथंच या. यांना जरा चार शब्द सांगा, नाहीतर मी सांगते."

मी पोचलो तेव्हा दाजी खाली दुसरा कप भरत होते. "तुमच्या डोळ्यादेखत दावतो, गुरुजी. मग म्हणू नका बापानं डूख धरला." त्यांनी कप झाकला, तेवढ्यात वरून अक्कांनी ताटावर पळी आपटली. त्या आवाजाला न जाण्याची हिंमत दाजींत नाही. आम्ही वर गेलो. त्या दिवशी अक्कांनी जेवण मुद्दाम लांबवलं. एक भाकरी वाढायची आणि एक प्रश्न विचारायचा, असा त्यांचा क्रम होता.

"पोरीला नापास करताना हात कसा उचलला तुमचा?"

"हात न्हाय उचलला. काटा उचलला न्हाय."

"तिनं सांगितलं होतं ना, जास्त वेळ ठेवा म्हणून?"

दाजींनी उत्तराऐवजी चटणी मागितली. मी चार शब्द जमवून आणले होते, पण अक्का बोलत असताना मला एकही बोलायची संधी मिळाली नाही. ताक झालं, सुपारी झाली, भांडण मागच्या महाबळेश्वरापर्यंत जाऊन आलं, आणि मग आम्ही खाली उतरलो.

"बघा आता," दाजींनी बटण दाबलं. काटा चढायला लागला. मघाच्या जागी पोचला, आणि पुढं गेला. दाजी यंत्राकडं वाकले. काटा खनिज तेलाच्या पास होण्याची रेघ ओलांडून वर गेला, आणखी वर गेला, आणि मग बऱ्याच उंचीवर जाऊन ठिणगी पडली. दाजींनी थांबून पुन्हा लावलं. तेवढंच. पुन्हा, त्याहून थोडं जास्त. मला यातलं फारसं कळत नाही, पण दाजींच्या कपाळावर घाम आला आणि तो पुसायचं त्यांना सुचलं नाही, हे मला दिसलं. घट्ट तेल, सावकाश निघणारे बुडबुडे. सकाळी त्यांनी त्याला पातळ तेलाइतकाच वेळ दिला होता आणि ठिणगी हवेतून पडली होती. तेलाची काही चूक नव्हती. ते स्टुलावर बसले आणि पुटपुटले, "ती सांगत होती की वो."

मला वाटलं आता फोन करतील. पण दाजींनी बाटली उचलून माझ्या हातात दिली, वर जाऊन अक्कांकडून डबा भरून घेतला, आणि स्कूटर काढली. उस्मानपुरा ते शेंद्रा हा रस्ता मी पुष्कळदा गेलो आहे, पण तेलाची बाटली छातीशी धरून कधी गेलो नव्हतो. "हलवू नका, गुरुजी. बुडबुडे हुतील," दाजी क्रांती चौकात ओरडले. जालना रोडवरचा प्रत्येक उड्डाणपूल त्यांनी असा घेतला की बाटलीच काय, माझ्या पोटातलं ताकही फेसाळलं, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मागं वळून विचारायचे, "हलवली का?" चिकलठाण्याला सिग्नलला एक रिक्षावाला आमच्याकडं बघून म्हणाला, "चचा, पेशंट का सँपल है क्या?" दाजी म्हणाले, "हौ, मेरी बेटी का है." रिक्षावाल्यानं हात जोडले आणि सिग्नल सुटल्यावर आम्हांला आधी जाऊ दिलं.

कारखान्याच्या कचेरीत शलाका, तिचे साहेब आणि इस्पितळाचा इंजिनिअर असे तिघं बसले होते. इंजिनिअर नकार कळवायलाच आला होता. दाजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "तेल चांगलं हाय. चुकी माझी. घाई केली मी." शलाका त्यांच्याकडं पाहतच राहिली. इंजिनिअर मात्र हसला. "दाजी, सकाळी नापास आणि दुपारी पास. घरी रडारड झाली का?"

"माझ्याशी ती फोनवरसुदिक बोलली न्हाय," दाजी म्हणाले. "तुमच्यासमोर करू. भर गं, शलाका."

सगळे कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो. शलाकानं कप विसळला, तेल कडेकडेनं सावकाश ओतलं आणि झाकण ठेवलं. स्कूटरवरून घुसळून आलेलं ते तेल, त्यात बारीक बुडबुड्यांचा नुसता बाजार भरला होता. आता थांबण्याखेरीज इलाज नव्हता. साहेब आणि इंजिनिअर चहाला गेले. कपाच्या एका बाजूला दाजी बसले, दुसऱ्या बाजूला शलाका, आणि मी दाराशी. कित्येक महिन्यांत ती दोघं एका टेबलाशी इतका वेळ बसली नसतील. दाजींची नेहमीची वेळ झाली तसा त्यांचा हात आपोआप बटणाकडं गेला.

"अजून नाही, बाबा," शलाका हळूच म्हणाली.

दाजींनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. एवढ्या वर्षांत कुणी त्यांचा हात तिथून मागं घ्यायला लावला नव्हता. मी भिंतीवरचे सुरक्षेचे नियम वाचू लागलो.

"जेवलीस का?" दाजींनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पिशवीतून डबा काढून तिच्यापुढं ठेवला. शलाका म्हणाली, "इथं खात नाहीत, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"खा. कपावर झाकण हाय."

ती भाकरीचा तुकडा मोडून मेथीची भाजी खाऊ लागली. दाजी कधी तिच्याकडं पाहत होते, कधी कपाकडं. मग विचारू लागले. याचा रंग असा हिरवट का? थंडीत कसं वागतं? हवा लागली की आणखी घट्ट होतं का? ती घास गिळून उत्तरं देत होती आणि दाजी मध्ये एकदाही न बोलता ऐकत होते. डबा संपला, तिनं हात धुतले, कपाकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आता लावा."

"तूच लाव," दाजी म्हणाले.

साहेब आणि इंजिनिअर येऊन उभे राहिले. काटा चढला आणि चढतच गेला. इंजिनिअरनं मान डोलावली, साहेबांनी शलाकाकडं पाहून हसत काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. दाजी इंजिनिअरला म्हणाले, "एक सांगतो. ह्या तेलातलं मला कळत न्हाय. तिला कळतं. इथून पुढं तिला इचारत जा." परत येताना ते स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं गेले. माझ्या हातात बाटली नव्हती, पण मी हात तसेच छातीशी धरून बसलो होतो.

ती पेटी इस्पितळाच्या तळघरात बसली आणि अजून तिथं मुकाट्यानं काम करते आहे. कारखान्यानं एस्टरचं काम वाढवलं, आणि ते पाहायला शलाकाला वडोदऱ्याला पाठवलं. तिला निरोप देताना दाजींनी तिथली हवा किती दमट असते याची चौकशी केली नाही, त्यावरून त्यांच्या मनाची अवस्था मी ओळखली. आता दाजींकडंही सोयाबीनच्या तेलाचे नमुने येतात. किती वेळ थांबायचं हे त्यांना आता पाठ आहे, तरी प्रत्येक वेळी ते कप भरून झाकतात आणि तिला फोन लावतात. तेवढ्यावरून दोघांचं चार मिनिटं बोलणं होतं. परवा मी गेलो तेव्हा टेबलावर असाच एक कप झाकलेला होता. तेलात एकही बुडबुडा उरला नव्हता, हे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही दिसत होतं. दाजींनी फोन लावला. वाजला, आणि तिकडून बंद झाला. मग निरोप आला की कामात आहे, मोकळी झाले की करते.

"दाजी, झालंय की तेल," मी म्हणालो. "लावा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली, चष्मा काढून कपाशेजारी ठेवला आणि माझ्यासाठी स्टूल पुढं ओढलं.

"बसा, गुरुजी," ते म्हणाले. "करंल ती."